वीस ऑक्टोबरचं कार्ड

दुर्गापुरा, जयपूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय तारा,
अनेक आशीर्वाद.

आज माळ्यावरून वाळवणाची जुनी चादर खाली काढली आणि अकोल्याची गच्ची आठवली. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा, तुझ्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. आपण दोघी कुरडया घालत होतो आणि आनंदभाऊजी धावत वर आले, "वहिनी, ही तार जरा धरा, दोनच मिनिटं!" तांब्याची लांबलचक तार, दोन बांबू. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. खालच्या खोलीतून दोघे भाऊ आळीपाळीने ओरडत होते, "थोडं वर! अजून थोडं वर!" तू मला विचारलंस, "वहिनी, हे दोघं त्या पेटीतून बोलतात तरी कुणाशी?" मी म्हटलं, "कुणाशी ते माहीत नाही, पण आपल्याशी बोलतात त्यापेक्षा गोड बोलतात." आपण इतक्या हसलो की तार खाली आली आणि तोवर कावळ्यांनी अर्ध्या कुरडया संपवल्या.

ते दोघे भाऊ, माझे उमाकांत आणि तुझे हे, आता सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

लिहायला कारण घडलं आहे. फोन करून उपयोग नाही. तुला ऐकू येत नाही म्हणून तू स्पीकर लावतेस, मी ओरडते, आणि मग गुपित फक्त शेजाऱ्यांनाच कळायचं राहतं. पत्रांचं बरं आहे. उमाकांतांना वाटतं आपण लोणच्यांबद्दल लिहितो.

तर, तो छोटा उपग्रह आता पडणार आहे. तोच, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी प्रयोगासाठी बनवलेला, आपल्या पोह्यांच्या डब्याएवढा. उमाकांत त्याला डबाच म्हणतात. "डबा आला!" म्हणून हातातला घास टाकून गच्चीवर जातात. खालून एकाने बोललेलं तो वरून ऐकतो आणि त्याच क्षणी हजारो मैलांवरच्या सगळ्या हौशी रेडिओवाल्यांना ऐकवतो. आता दर आठवड्याला तो खाली खाली येतो आहे. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत हवेत शिरून जळून जाईल म्हणतात.

हे कळल्यापासून उमाकांतांचं जेवणात लक्ष नाही. परवा ड्रॉवर आवरताना ते कार्ड निघालं. तुला ठाऊक आहे, या मंडळींचा रिवाजच आहे. बोलणं झालं की पोस्टाने कार्ड पाठवायचं: अमुक तारखेला, अमुक वेळी तुमचा आवाज ऐकला. समोरच्याने आपल्या वहीत बघायचं आणि आपलं कार्ड उलट पाठवायचं. कार्ड आलं नाही तर बोलणं झालंच नाही. डब्यावरून दोघा भावांचं पहिलं बोलणं झालं, उमाकांतांनी हौसेने कार्ड पाठवलं, आणि पंधरा दिवसांनी तेच कार्ड परत आलं. निळ्या शाईतल्या इतक्या देखण्या अक्षरावर लाल शाईने तिरपं लिहिलेलं: "नोंद नाही." उमाकांत म्हणाले, "सख्खा भाऊ मला खोटारडा म्हणतो." बस, तेवढ्यावर सगळं संपलं.

पण तारा, संपलेलं नाही ग. रोज सकाळी भाऊजींचा आवाज डब्यावरून येतो तेव्हा हे सेटचा आवाज वाढवतात. बोलत नाहीत, नुसते ऐकतात. काल म्हणाले, "घसा बसलाय गाढवाचा. सुंठ कोण देणार त्याला." डबा गेला की एवढंसुद्धा उरणार नाही. आधी हे दोघं त्याच्यावरून एकदा तरी बोलायला हवेत.

एक काम कर. भाऊजी बाजारात गेले की त्यांच्या वहीत २० ऑक्टोबर २०१९ ही तारीख बघ. खरंच नोंद नाही का, ते मला कळव.

तुझी,
रत्नवहिनी


अकोला
१८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. सुंठीचं मी करीन. पण आमच्याकडचीही गंमत ऐका. परवा हे मलाच म्हणाले, "दादाचा अँटेना वाकडा झालेला दिसतो, आवाज चिरका येऊन राहिला." मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. तर म्हणे, "मी काहून सांगू? मोठा तो आहे." रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म गेला माणसाचा. समोरचा सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलायची नाही.

हे मेथी आणायला गेले तेव्हा वही काढली. रेनकोटाच्या मागे असते. वीस ऑक्टोबरला खरोखरच काही नाही वहिनी. कोरी जागा. पण त्याच्या आदल्या दिवशी, एकोणीसला, दादांचं नाव आहे! वेळ लिहिली आहे रात्रीचे अकरा बावीस. आणि शेवटच्या रकान्यात यांच्या अक्षरात, "वहिनींना शुभेच्छा."

आता मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे तुमचा वाढदिवस वीसचा. हे एक दिवस आधीच शुभेच्छा देऊन मोकळे कसे? आणि दुसरं, रात्री अकरा बावीसला हे जागे? साडेनऊला यांचं घोरणं सुरू होतं. गेल्या चाळीस वर्षांत मी यांना अकरा वाजता डोळे उघडे असताना फक्त एकदा बघितलं, तेही दाढ दुखत होती म्हणून.

माझ्या अंदाजाने दादांनीच तारीख चुकीची टाकली असणार. मोठ्या माणसांचंही चुकतं. तुम्ही हुशार, तुम्ही बघा.

कुरडया आठवल्या आणि मीही एकटीच हसत बसले. पण एक दुरुस्ती. तार तुमच्याकडून सुटली होती, माझ्याकडून नाही.

तुमची,
तारा


दुर्गापुरा, जयपूर
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय तारा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते. इकडे थंडी पडली. शेजारच्या शेतकी केंद्रातले मोर सकाळी आमच्या कठड्यावर येऊन बसतात, त्यांना दाणे टाकण्यात वेळ जातो. म्हणजे मी घालवते.

तुझं कोडं सुटलं. भाऊजी जागे नव्हते आणि शुभेच्छाही आधी दिल्या नव्हत्या. जगभरच्या रेडिओवाल्यांनी एकच घड्याळ धरायचं म्हणून हे लोक वहीत लंडनकडची वेळ लिहितात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे वीस तारखेची पहाट, पाचला आठ मिनिटं कमी. तिकडे अजून एकोणीस तारीखच, रात्रीचे अकरा बावीस. त्यामुळे भाऊजींची वही बरोबर आहे. मी उमाकांतांची वही काढून पाहिली. तीही बरोबर आहे. तिथेही एकोणीसच.

तेव्हा दोघांच्या वह्या जुळतात. कार्ड भरताना कुणाच्या तरी हातून तारीख चुकली, इतकंच.

हे भाऊजींना एवढ्यात सांगू नकोस. कसं सांगायचं ते मी विचार करून लिहिते.

वहिनी

ता. क. तार माझ्याकडून सुटली होती. मान्य.


अकोला
८ डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र चार तारखेला आलं आणि मी तीन तारखेलाच सांगून बसले! काय करू, माझ्या पोटात राहत नाही. जेवताना म्हटलं, "अहो, त्या कार्डावर दादांनीच चुकीची तारीख टाकली होती, तुम्ही उगीच सहा वर्षं फुगून बसलात." मला वाटलं हे उडीच मारतील. तर यांनी भाकरी खाली ठेवली, माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं आणि म्हणाले, "दादाने नाही टाकली. चूक दादाच्या घरची आहे." म्हटलं म्हणजे काय? तर म्हणे, "म्हणजे काही नाही. पिठलं वाढ."

मग हात धुऊन आल्यावर म्हणतात कसे, "चूक त्याच्याकडची आहे तर हाक त्यानेच मारावी. डब्यावर माझं नाव घेऊन त्याने हाक मारली की मी उत्तर देणार. नियमच आहे. नाव घेऊन हाक आली की कुणालाही उत्तर द्यायचं, मग शत्रू का असेना."

म्हटलं, आणि तुम्ही मारली तर?

"मी काहून मारू?"

वहिनी, मला वाटतं दादांनी मोठ्या मनाने चूक कबूल करावी. दोन ओळी लिहिल्या तर काय बिघडतं? तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. डबा दिवसेंदिवस खाली येतो आहे, हे रोज मोबाईलवर त्याची उंची बघतात आणि मला सांगतात, जसा काही तापच मोजतात.

तुमची,
तारा


दुर्गापुरा, जयपूर
२१ डिसेंबर २०२५

प्रिय तारा,

तू म्हणतेस उमाकांतांनी चूक कबूल करावी. ते कशी करतील? ती त्यांची नाहीच. माझी आहे.

गेली तीस वर्षं यांची सगळी कार्डं मी लिहिते. यांचं अक्षर तू पाहिलं आहेसच. माझं अक्षर नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पट्टी घेऊन घडवलेलं. परदेशातून लोक कार्डाच्या अक्षराचं कौतुक कळवतात आणि मी वर वर "छे, छे" म्हणते. वहीतून बघायचं आणि कार्डावर उतरवायचं, एवढंच माझं काम. वेळा अशा चमत्कारिक का असतात, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी माझा वाढदिवस होता. पहाटे साडेचारला हे अंथरुणातून उठून त्या डब्याच्या मागे गच्चीवर गेले, म्हणून मी फणफणलेली. पाचनंतर खाली आले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "रत्ना, आनंदाने तुला वरून शुभेच्छा दिल्यात. अगदी वरून!" माझा राग पळाला. मी यांना शिरा करून घातला.

आठवड्याने कार्ड लिहायला बसले, तर वहीत तारीख एकोणीस. मी मनात म्हटलं, झोपेत चुकलेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा एकोणीसला कशा देतील? आणि सुवाच्य अक्षरात वीस लिहिलं. वेळ मात्र तशीच ठेवली, अकरा बावीस. म्हणजे, तारा, मी अशा वेळेचं कार्ड लिहिलं जेव्हा डबा आपल्या आभाळात नव्हताच! भाऊजींना वाटलं असेल, दादा थाप मारतो आहे. आणि उमाकांतांनी लाल शाई पाहिली, तारीख पाहिलीच नाही. कार्ड ड्रॉवरमध्ये फेकलं.

तुला तीस तारखेला लिहिलं तेव्हा हे मला कळलं होतं. "कुणाच्या तरी हातून" असं मी लिहिलं. शाळेत असतं तर सिस्टरनी ते वाक्य शंभरदा, नाव घालून, लिहायला लावलं असतं.

यांना सांगायला आणखी तीन आठवडे लागले. परवा चहा ठेवला आणि सांगून टाकलं. यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "सहा वर्षं मी त्याला शिव्या घालतो आहे, आणि गुन्हेगार रोज माझ्यासमोर चहा ठेवते आहे." मी रडायला लागले तर म्हणतात, "रडू नकोस, आधी साखर दे, त्यातही घातली नाहीस."

नंतर मात्र चष्मा पुसत म्हणाले, "पण नोंद नाही असं लिहिण्याआधी त्याने एकदा विचारायचं होतं. मी त्याचा भाऊ आहे. मी हाक मारणार नाही." तेव्हा गाडी तुझ्या सिग्नलवरच उभी आहे, दोन्ही बाजूंनी.

सोबत भाऊजींसाठी वेगळी चिठ्ठी आहे. माझी चूक, माझी माफी, माझी सही. ती त्यांच्या हातात दे. आणि त्यांना सांग, अकरा जानेवारीच्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास डबा दोन्ही गावांवरून जाईल, तेव्हा गच्चीवर थांबा. नेमकी मिनिटं आदल्या दिवशी मोबाईलवर दिसतील. सात म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे सात. मी मुद्दाम साडेपाचनंतरची वेळ निवडली आहे. लंडनलाही तेव्हा अकराच तारीख असते. आता मला सगळं कळतं.

तुझी अपराधी,
रत्नवहिनी


अकोला
३० डिसेंबर २०२५

ती. सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

अपराधी वगैरे लिहू नका हो, मला कसंतरी होतं. आणि आता जे सांगते ते वाचून तर तुम्ही ते पत्रच परत मागाल.

तुमची चिठ्ठी यांनी उभ्यानेच वाचली. मग बसले. मग पुन्हा वाचली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "मला ठाऊक होतं." म्हटलं काय ठाऊक होतं? "वहिनींनी तारीख सुधारली ते. अक्षर त्यांचं, वाढदिवस त्यांचा. कार्ड हातात आलं तेव्हाच कळलं. दादा अशी चूक मेला तरी करायचा नाही."

वहिनी, माझ्या हातातलं पळीभर तेल सांडलं. म्हटलं, मग "नोंद नाही" कशाला लिहिलंत?

तर सांगतात, लहानपणी दादा यांची गणितं तपासायचे. चुकलं की लाल पेन्सिलीने "पुन्हा कर" लिहायचे आणि कुठे चुकलं ते सांगायचे नाहीत. "मला वाटलं, जन्मात एकदा आपणही लाल शाई वापरावी. दादा फोन करेल, चार शिव्या देईल, मी हसेन, दुसरं कार्ड पाठवेन. फोनच आला नाही. आधी आठ दिवस वाट पाहिली, मग महिनाभर. मग वाटलं, खरंच दुखावला. आणि इतके दिवस झाल्यावर काय सांगू, की गंमत केली होती?"

सहा वर्षं! थट्टा करायची अक्कल नाही आणि निस्तरायचीही नाही. मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत.

दादांना हे सांगू नका. हे स्वतः सांगणार म्हणतात. रविवारी गच्चीवर थांबतील, ते कबूल केलं आहे. पण हाक? हाकेचं नाव काढलं की खाली बघतात. म्हणतात, "आता तर मला तोंडच नाही. कुठल्या तोंडाने त्याचं नाव घेऊ?"

आधी रुसून मारत नव्हते, आता लाजून मारणार नाहीत. वहिनी, डबा यांच्यासाठी थांबणार नाही. मला खरंच काळजी वाटते.

तुमची,
तारा


अकोला
१२ जानेवारी २०२६

वहिनी, वहिनी, वहिनी,

नमस्कार शेवटी करते. आधी सगळं सांगते, कारण तुम्हाला फक्त तुमच्या बाजूचं माहीत आहे.

सात वाजून नऊ मिनिटांनी डबा आला. हे माकडटोपी घालून, एका हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना, दुसऱ्या हातात सेट. मी शालीतून इयरफोन माझ्या बऱ्या कानात घातला होता. बाई गं, काय गर्दी! डबा जाणार म्हणून जो तो आपलं नाव सांगतो आहे. कुणी कोलंबोचा, कुणी मस्कतचा, एकजण तर हिंदीतून सगळ्यांना नमस्कार करत सुटला होता. जयपूरचा पत्ताच नाही. दोन मिनिटं झाली. तीन झाली. पूर्वी दहा-बारा मिनिटं तरी असायचा, आता खाली आल्यामुळे सातच. यांचे ओठ नुसते हलत होते, पण हे बटण दाबत नव्हते. मी कोपराने ढोसलं, तर अँटेनाच हलला.

आणि मग बाईचा आवाज! एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, मोत्यासारखं. यांचं लायसन्सवरचं रेडिओचं नाव आधी, मग एक नाव जे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. हे म्हणाले, "हे कोण?" मी म्हटलं, "अहो, वहिनी!" तुमचं स्वतःचं लायसन्स आहे हे मला काय स्वप्न पडलं होतं?

नाव घेऊन हाक आली, मग हे काय करणार. नियम! एकदम ताठ झाले, बटण दाबलं, रीतसर तुमचं नाव घेतलं, आपलं घेतलं, आवाज उत्तम येतो असं सांगितलं. मग हे रडायलाच लागले. आणि मराठीत म्हणाले, "वहिनी, वाढदिवसाच्या शुभेच्छा. वीस ऑक्टोबरच्या. आणि दादाला सांगा, ती लाल शाई थट्टेची होती. माझं चुकलं."

वहिनी, सगळे गप्प झाले हो. कोलंबो, मस्कत, सगळे. कुणाला मराठी कळलं असेल असं नाही, पण म्हातारा माणूस रडतो हे कळायला भाषा लागत नाही. एकजण हळूच म्हणाला, "कॅरी ऑन."

मग दादांचा आवाज आला. "आनंदा, घसा बसलाय तुझा. सुंठ घे. पुन्हा कर." पुन्हा कर! हे इतके हसले की टोपी डोळ्यांवर आली. मग दादा काहीतरी म्हणायला लागले, "मी रोज तुझा..." आणि आवाज गेला. अजून दीड मिनिट बाकी होतं, तरी काहीच नाही. सिग्नल का गेला म्हणून हे दिवसभर विचार करत आहेत. जयपूरचा अँटेना वाकडा झाला आहेच, असं म्हणतात.

आता साष्टांग नमस्कार.
तारा


दुर्गापुरा, जयपूर
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय तारा,

डबा गेला. शुक्रवारी कुठल्याशा समुद्रावर जळाला म्हणतात. कुणाला दिसलासुद्धा नाही. त्या दिवशी सकाळी उमाकांत सवयीने घास टाकून उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. मी ताटात गरम पोळी वाढली. मग यांनीच फोन उचलला आणि भाऊजींशी सव्वा तास भांडले. सेट कुठला चांगला यावर. आता पुढच्या कुठल्या उपग्रहावर कधी भेटायचं याची यादी दोघांनी केली आहे. मला सव्वा तास भांडण ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या लायसन्सचं तुला सांगितलं नव्हतं, कारण मला त्याची लाजच वाटायची. तेरा वर्षांपूर्वी यांनी हट्टाने परीक्षा द्यायला लावली. पास झाले, नाव मिळालं, आणि ते कागद कपाटात साड्यांखाली गेले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी एकदा भरल्या सभागृहासमोर दुसऱ्या ओळीवर थांबले होते. त्यानंतर चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसते. त्या रविवारीही मी बोलणार नव्हते. पण संक्रांतीचे पतंग! जयपुरात आठवडाभर आधीपासून सगळं शहर गच्चीवर. शनिवारी कुणाच्या तरी मांज्याने आमचा मोठा अँटेना गुंडाळून टाकला. तेव्हा रविवारी हातातला अँटेना. यांच्या दुखऱ्या खांद्यामुळे तो दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून माईक माझ्याकडे. हे आभाळाकडे बघत गोल फिरताहेत, मी मागे मागे. तीन मिनिटं झाली. मी म्हटलं, "मारा ना हाक." हे म्हणाले, "बघू." तारा, मला एकदम वाटलं, चूक मी केली आणि हाक मात्र कुणी दुसऱ्याने मारावी म्हणून मी उभी आहे. मग मी बटण दाबलं.

आणि भाऊजींना सांग, सिग्नल गेला नव्हता. अँटेना खाली आला होता. हे दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. मी ओरडत होते, "वर! थोडं वर!" पण त्यांना ऐकूच येईना. डबा गेला आणि आम्ही दोघे तिथेच, पतंगांच्या खाली, हसत आणि रडत. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "अंकलजी, पतंग कट गई क्या?"

सोबत पार्सल पाठवते. नीट वाचून वाटप कर, गोंधळ नको.

शेवयांसारखी गोड फीणी आणि तिळाची गजक वर आहे. फीणी तुझी. दुधात घालून खा आणि कुणाला देऊ नकोस. गजक भाऊजींची, पण त्यांच्या साखरेकडे बघून रोज एकच तुकडा, आणि तोही कार्डांवर सह्या झाल्यावर. लाखेच्या हिरव्या बांगड्या तुझ्या. सैल झाल्या तर मऊ कापडात गुंडाळून ठेव, मी उन्हाळ्यात येईन तेव्हा बदलून आणीन. येणार आहोत, दोघंही. कुरडयांचा गहू भिजत घालताना कळव.

खाकी पाकिटात तीन कार्डं आहेत. पहिलं उमाकांतांकडून भाऊजींना, या अकरा जानेवारीचं. दुसरंही त्यांनाच, एकोणीस ऑक्टोबरचं, सहा वर्षं उशिरा, पण तारीख आणि वेळ दोन्ही वहीतून, एक अक्षर न सुधारता उतरवलेली. तिसरं माझं आहे, भाऊजींसाठी. माझ्या आयुष्यातलं पहिलं. त्याचं उत्तर माझ्या नावाने यायला हवं. उमाकांतांच्या नावाने आलं तर मी परत पाठवीन.

तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं कार्ड आहे, वीस ऑक्टोबरचं. ते भाऊजींना द्यायचं नाही, फक्त समोर धरायचं. त्यांनी तीच लाल शाई घ्यावी, "नाही" हा शब्द खोडावा, शेजारी "आहे" लिहावं, आणि खाली सही करावी. शाई वाळली की ते मला पाठव. ते माझं आहे.

सही झाल्याशिवाय गजक उघडू नकोस.

तुझी,
रत्नवहिनी